फरक शून्य

बाबांचं कानाचं मशीन परत करायचा आज शेवटचा दिवस होता. उपयोग होतोय का विचारलं की ते नुसते खांदे उडवायचे. म्हणून चाचण्यांमध्ये त्यांनी ऐकून ओळखलेल्या शब्दांचे आकडे मी कॉम्प्युटरवर लिहिलेल्या प्रोग्रामला दिले. ‘आधी’ची यादी घेतली, ‘नंतर’ नावाने तिची प्रत केली आणि अधिक-बरोबरच्या चिन्हाने आठवड्यागणिक झालेली वाढ-घट त्या प्रतीत मिळवत गेले. उत्तर आलं: फरक शून्य. माझं डोकंच चालेना. ‘आधी’ची यादी उघडली, तर तिच्यातलेही आकडे बदललेले! प्रत झालीच नव्हती, एकाच यादीला मी दोन नावं दिली होती, हे मला अजून उमगलं नव्हतं. मशीनचा रिकामा खोका पुढ्यात ओढत मी स्वतःशीच पुटपुटले, “जुन्या आकड्यांना हात कोणी लावला?” खिडकीशी पाठमोरे बसलेले बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, “मी नाही हं.”