सकाळची अक्षरं

"बाबा, उतरा खाली आणि इकडून बघा," मुलगी रस्त्यापलीकडून ओरडली.

पेंटर शिडीवरून उतरला. स्वारी खुशीत होती. संध्याकाळी मुलीचं दुकान उघडायचं होतं आणि पाटी त्याच्या हातची होती. 'सायकल' सकाळी उजाडताच रंगवलं होतं, 'दुरुस्ती' आत्ता, जेवल्यावर.

तो मुलीशेजारी जाऊन उभा राहिला. 'दुरुस्ती' पट्टी लावल्यासारखी सरळ होती. 'सायकल' मात्र भेलकांडत होती. कडा फुगलेल्या, 'य'चा पाय ओघळलेला.

"शिकाऊ माणूस चालवतोय सायकल," दुकानाच्या दारातून बायको म्हणाली. "शोभतंय हो दुकानाला."

"सकाळी धुकं होतं," पेंटर पुटपुटला.

"कुठलं धुकं? आभाळ लख्ख होतं. मी इथेच चाकं बसवत होते," मुलगी म्हणाली.

"हल्ली रोजच असतं. दुपारपर्यंत विरतं."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. त्याचा एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्यावर कुणा मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवलेलं, आणि त्यावर इतकी वर्षं घर चाललेलं. मुलीने ग्रीसच्या हातानेच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, सकाळच्या धुक्याचं सांगितलं आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"पण बाई, मागच्या महिन्यात तुम्हीच तपासलंत," पेंटर म्हणाला. "तक्ता शेवटपर्यंत वाचला मी."

"दुपारी वाचलात. तुम्ही दुपारीच का येता हो नेहमी?"

"सकाळचा उजेड कामाचा. तो दवाखान्यात कसा घालवायचा?"

बाई समजावू लागल्या.

"अहो, बुबुळाच्या आतल्या अंगाला बारीक पेशी असतात. त्या पाणी उपसत राहतात, म्हणून ते काचेसारखं राहतं. बसवलेल्या बुबुळातल्या पेशी वर्षागणिक कमी होतात आणि नव्या येत नाहीत. रात्री डोळा मिटला की पाणी साठतं. दिवसा उघडा राहिला की सुकतं. मग दुपारी तुम्ही मला घडाघडा वाचून दाखवता. लाल झालाय का? दुखतोय?"

"नाही."

"मग उद्या उठल्या उठल्या या. दुपारी आलात तर परत पाठवीन."

"डोळा गेला का हो बाई?" बायकोचा आवाज बारीक झाला.

"बुबुळ थकलंय. बाकीचा डोळा ठीक असेल तर दुसरं बसवता येईल. पहिल्याइतकं टिकेलच, असं मात्र सांगत नाही."

पेंटर फोनच्या अगदी जवळ सरकला.

"म्हणजे माझा हात गेलेला नाही?"

"हाताला काय झालंय?"

"काही नाही," तो म्हणाला. "काहीच नाही झालेलं!" आणि भर रस्त्यात हसत सुटला. हातच बिघडला असं समजून किती दिवस तो सकाळी ब्रश धरायला भीत होता, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

मुलीने टर्पेंटाइनचं फडकं पुढे केलं. "पुसा ते 'सायकल'. आत्ता नीट दिसतंय तोवर परत रंगवा."

"राहू दे तसंच. नवं बुबुळ बसलं की ते सकाळीच रंगवीन."

"अहो, लोक हसतील," बायको म्हणाली.

"हसू देत. दुकानात तर येतील."

त्याने लाल रंगाच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि वारा आत शिरू नये म्हणून अंगठ्याने चारी बाजूंनी दाबून घट्ट बसवलं.