शेवंतीची उसनी ग्रंथी

साताऱ्याच्या भाड्याच्या खोलीत केतकीला आठवडाभर गाढ झोप लागली, आणि इकडे तिची मांजर शेवंती मरायला टेकली. आज तर तिने बांगड्याच्या तुकड्याकडेही पाठ फिरवली.

पडद्यावर डॉक्टर पागनीसबाईंनी शेवंतीच्या गळपट्ट्यावरचे आकडे वाचले. "सोडियम खाली, पोटॅशियम वर. संप्रेरक पोचतच नाहीये. केतकीताई, आठवडाभर तुम्हाला राग आलाच नाही का हो?"

"कशाला येईल? नवरा पुण्यात आहे."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. शेवंतीची मूत्रपिंडावरची अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी दोन वर्षांपूर्वी निकामी झाली, तेव्हा तिला घरातल्या माणसाच्या ग्रंथीशी जोडलेलं यंत्र बसवलं होतं. माणूस तापला की मांजरीला संप्रेरक मिळायचं. तपासणीत केतकीची ग्रंथी अव्वल ठरली होती, आणि त्याचं श्रेय नवऱ्याने, निनादने, हसत हसत स्वतःकडे घेतलं होतं.

"आणि गोळ्या?" केतकीने विचारलं.

"त्या बनवणंच बंद झालंय. जोडणीही बदलता येत नाही. संध्याकाळपर्यंत काहीतरी करा."

केतकीने बातम्या लावल्या. मग पाण्यावरून शेजारणीशी भांडण उकरून काढलं, तर त्या माउलीने उलट चहाच पाठवला. शेवंतीने डोळे मिटले.

शेवटी केतकीने पुण्याला फोन लावला.

"आलीस ना ताळ्यावर?" निनाद म्हणाला. "मला माहीतच होतं. तुझी आईसुद्धा अशीच..."

केतकीची कानशिलं तापली. शेवंतीने मान उचलली आणि धडपडत वाटीपर्यंत गेली.

"थांबलास का?" केतकी दातओठ खात म्हणाली. "आईचं पूर्ण सांग."