मुरूम लागेपर्यंत

राघोबाच्या नव्या डाळमिलची भिंत तडकली आणि बांधणाऱ्या मल्लप्पा कंत्राटदाराशी त्याचा तंटा जुंपला. करारात कलम होतं, कोर्टात न जाता दोघांना मान्य असलेल्या इंजिनिअरनं निवाडा द्यायचा. राघोबानं नाव घेतलं शिवलीलाचं, मल्लप्पाच्याच इंजिनिअर लेकीचं. “माझी पोरगी कामून?” मल्लप्पा चमकला. “अख्ख्या हुमनाबादेत तिच्यावाणी सरळ माणूस न्हाई, अण्णा.” मल्लप्पाला नाही म्हणवेना. शिवलीलानं भिंतीलगत खड्डा खणायला लावला. पाया घट्ट मुरमापर्यंत पोचलाच नव्हता, पावसात फुगणाऱ्या काळ्या मातीवरच थांबला होता. खड्ड्यातून वर येत ती म्हणाली, “अप्पा, चूक तुमची हाय. भिंत पाडा, मुरूम लागंपर्यंत खणा, पुन्हा बांधा.” राघोबालाच अवघडल्यासारखं झालं. मल्लप्पानं मात्र घण मागवला, पहिला घाव स्वतः घातला आणि मिशांवरची धूळ झटकत म्हणाला, “पुढच्या करारात, राघोबा, आधी माझ्या लेकीचं नाव लिव्हा, मग माझं.”