साहेबांच्या टाकीतला मासा

सुगंधा पिंपळशेंडे सकाळपासून कोळसा खाणीच्या ऑफिसात बाकावर बसली होती. पायाशी नाल्याच्या पाण्याने भरलेली कळशी होती, नजर खिडकीबाहेरच्या लॅम्प रूमवर. शिफ्ट सुटली होती. वर आलेला एकेक कामगार टोपीवरचा दिवा काढून खुंटीला अडकवत होता.

"बाई, तुमची तक्रार रद्द झाली," मॅनेजर बक्षी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "नाल्यात सरकारी यंत्रमासा सोडलाय. पाणी घाण असतं तर तो लाल झाला असता आणि खाणीतलं पाणी नाल्यात सोडणारे आमचे पंप आपोआप सात दिवस बंद पडले असते. मासा हिरवा आहे."

"माह्या पोरीच्या अंगाची सालं निघून राह्यली, अन् तुमचा मासा हिरवा?"

"मासा खोटं बोलत नाही."

खरंच बोलत नव्हता. विश्वकर्म्याच्या तसबिरीखाली, काचेच्या टाकीत, पिण्याच्या स्वच्छ पाण्यात तो मजेत पोहत होता. बक्षींनी त्याला लपवायचीही तसदी घेतली नव्हती. गावातल्या बाईला काय कळतंय!

शेवटचा दिवा खुंटीवर चढला, तशी सुगंधा उठली. तिने टाकीत हात घालून मासा उचलला आणि कळशीत सोडला. तो क्षणात लालभडक झाला. पंपांची घरघर थांबली.

"अहो, आता सात दिवस पंप चालणार नाहीत!" बक्षी किंचाळले. "खाण पाण्याने भरेल! हेच करायचं होतं, तर सकाळपासून बसलात कशाला?"

"खाली माणसं होती म्हणून थांबली," सुगंधा म्हणाली. "नाल्याच्या खालीबी माणसंच राह्यतात, साहेब. तुमी कधी थांबले?"