सपातांचा दुसरा जोड

घटस्फोटित लेक वर्षाच्या शेवटच्या रात्री माहेरी झोपली की भावाची बरकत जाते, असं चीनमधल्या वेइफांगमध्ये मानतात. म्हणून श्यूछिन माहेरासमोरच्या हॉटेलात उतरली होती. जगभर शाखा असलेलं स्वस्तातलं हॉटेल. कुठल्याही शहरात जा, हीच पांढरी खोली, हीच चार बोटंच उघडणारी खिडकी. त्या फटीतून माहेरचे लाल कंदील दिसत होते. पलंगाशी सपातांचे दोन जोड, एक कोराच. आई डब्यातून च्याओत्झ, कोबी भरलेले मोदकासारखे उकडलेले घास, घेऊन आली. “गिळ आता, निवतील.” लेक डबा हातात धरून कंदिलांकडेच बघत राहिली, म्हणून आईनेही एक तोंडात टाकला. तेवढ्यात भावाचा फोन आला. “आई, कुठे राहिलीस? पोरं ताटकळलीत!” “कशी येऊ रे? हिच्या पलंगावर बसले, हिच्याबरोबर जेवले. आता आले तर तुझी बरकत जायची!” फोन ठेवून आईने बूट काढले, कोऱ्या सपातांत पाय सरकवले.