आधीच होऊन गेलेलं

"जाव्हे पार्ले," प्रविण म्हणाला. "त्यु आव्हे पार्ले. इल आव्हे पार्ले. नू... नू..."

"नू झाव्हियों पार्ले," दीपमालानं वहीत न बघताच सांगितलं.

नांदूरघाटच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सहा महिने रोज सकाळी हे चालू होतं. प्रविण वेल्डर होता. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात वेल्डर हवेत असं कळल्यापासून त्यानं मोबाइलवर फ्रेंचची शिकवणी लावली होती. शिकवणी त्याची, उजळणी घ्यायची तिनं. समोर ताटात निवडायचे तांदूळ आणि मांडीवर वही. ऐकून ऐकून तिचं त्याच्यापेक्षा जास्त पाठ झालं होतं. उद्या मुलाखत होती.

"हा काळच ध्यानात राहत न्हाई," तो वैतागला.

"त्यात काय अवघड हाय? 'मी बोललो' न्हाई, 'मी बोललतो'. पाहुणे आले, पण चहा त्याच्या आधीच संपलता. नुसतं झालेल्याला 'जे', आधीच होऊन गेलेल्याला 'जाव्हे'."

प्रविण हसला. "माझ्याऐवजी तूच दे मुलाखत."

ती खूश झाली. तो उठून आरशापुढं दाढीला साबण लावायला लागला. तिनं वहीचं पान उलटलं तर आत घडी घातलेला कागद निघाला. वर छापलेले प्रश्न, खाली त्याच्या अक्षरात उत्तरं, आणि सगळ्याचे उच्चार मराठीत. उद्या हेच विचारणार असतील, असं वाटून तिनं शाळेतल्या बाईंसारखा आवाज काढला आणि पहिलाच प्रश्न वाचला.

"एत-व्हू मारिये?"

"नों," प्रविण पाठमोराच म्हणाला. "जे दिव्होर्से..."

घोकलेलं उत्तर तोंडातून निघून गेलं. ब्रश गालावरच थांबला.

मारिये म्हणजे लग्न झालेलं, हे दीपमालाला चौथ्या धड्यापासून माहीत होतं. दुसरा शब्द ती आज पहिल्यांदा ऐकत होती, पण त्याचा अर्थ कुणाला विचारायची गरज नव्हती.

"कुणाचा डिव्होर्स?"

"उदाहरण हाय ते. शिकवणीतलं."

तिनं कागद डोळ्यांजवळ धरला. "उदाहरणाला तारीख घालतेत?"

तारीख बारा मार्चची होती. त्या दिवशी ते दोघं बीडला गेले होते. घरी लेकीला ताप होता म्हणून परतायची घाई. पासपोर्टचे कागद आहेत असं सांगून त्यानं स्टँप पेपर पुढं केला होता, आणि मोटारसायकलच्या सीटवर ठेवूनच तिनं तीन ठिकाणी सह्या केल्या होत्या. वाचायला मागितला नव्हता.

"ती फारकत व्हती?"

"कागदावरच हाय गं नुसती. एकट्या माणसाची फाईल लवकर सरकती, म्हणला एजंट. तिकडं जरा बस्तान बसलं की तुमाला दोघींना बोलावूनच घेणार हाय मी."

"मग मला कावून सांगितलं न्हाई?"

त्याच्या तोंडावरचा साबण वाळायला लागला होता.

"तू सही केली नसतीस."

दीपमालानं कागदावर त्या उत्तराशी बोट ठेवलं. "तिथं 'जे' चुकलंय. 'जाव्हे' पाहिजे. फाईल तुमी मागून भरली. फारकत आधीच झालती."

पुढचा प्रश्न तिनं वाचला तेव्हा तो बाईंचा आवाज राहिला नव्हता. "आव्हे-व्हू देझांफां?"

लेकरं आहेत का?

प्रविणनं मान खाली घातली. उत्तर तिनंच वाचलं. एकच शब्द होता.

नाही.

तिनं मोबाइल घेतला, त्या कागदाचा फोटो काढला, नीट आलाय का ते बोटांनी मोठा करून बघितलं आणि आणखी एक काढला. कागद वहीत ठेवून ती आतल्या खोलीत गेली. आठ वर्षांची राजनंदिनी पलंगावर बसून चित्र रंगवत होती.

"उठ. उमापूरला मामाकडं जायचंय."

"किती दिवस?"

"कपडे सगळे घे."

पिशवी भरून, लेकीचा हात धरून दीपमाला बाहेर आली तेव्हा प्रविण दारात उभा होता. अर्धी दाढी झालेली, अर्धी तशीच. तो आडवा येईल, पिशवी ओढून घेईल, निदान लेकीच्या डोक्यावरून हात तरी फिरवील, असं तिला वाटलं. ती क्षणभर थांबलीसुद्धा.

त्यानं हातातली वही पुढं केली.

"आगं, उरलेले प्रश्न तरी घे ना माझे," तो म्हणाला. "नऊच राहिलेत."