जास्वंदीच्या कळ्या

"काका, आता फोन घ्यायलाच नको. लोक मेसेंजरवर विचारतील आणि उत्तरं हा देईल," असं म्हणत ऋजुताने काकांच्या रोपवाटिकेच्या फेसबुक पेजला चॅटबॉट जोडून दिला.

दिगंबरकाका बोलताना अडखळत. शब्द अडकला की गिऱ्हाईक "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवून द्यायचं. चॅटबॉट मात्र खत, पाणी, किंमत सगळं झरझर सांगू लागला. विक्री वाढली. काकांना सुटल्यासारखं झालं.

एका दुपारी पाटणच्या एका बाईंचा मेसेज आला. जास्वंदीच्या कळ्या गळत होत्या. चॅटबॉटने लगेच उपाय सांगितला. बाईंनी पुन्हा लिहिलं, "हे वाचलं. पण मागे फोनवर बोलले ते आहेत का? त्यांना वेळ लागतो, पण ते माझ्या झाडाची नीट चौकशी करतात. माझा नंबर देते."

"मी कळवू का काहीतरी?" ऋजुताने विचारलं.

काकांनी नको म्हणून मान हलवली आणि स्वतःच नंबर लावला. 'नमस्कार' म्हणायलाच त्यांना बराच वेळ लागला.

"सावकाश सांगा," पलीकडून बाई म्हणाल्या. "मी झाडापाशी खुर्ची घेऊन बसलेय."